पहिली-दुसरीतल्या पोरांना लिहितं कसं करायचं? (लाल पेन बंद केलंय, पुढे काय?)

पेठरोड_मॅडम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, नाशिक-पेठ रस्त्यावरच्या सावळघाटाच्या पलीकडे. राहते मखमलाबादला, रोज स्कूटीवर जाऊन येऊन. द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, सतरा पोरं. घरी कोकणा (इथली आदिवासी बोली) बोलतात, माझ्याशी मराठी बोलायचा प्रयत्न करतात आणि लिहायची वेळ आली की गप्प.

झालं असं की मागच्या वर्षी दिवाळीनंतर दुसरीतल्या एका मुलीने, जी फळ्यावरचं उतरवण्यापलीकडे कधी काही लिहायची नाही, तिने वहीच्या मागच्या पानावर आपणहून लिहिलं,

"आमी शेळी येली दोन पील एक मेल आय नाय रडली बा रडला"

मी काय केलं असेल? लाल पेन काढलं. आमची, व्याली, पिल्लं, मेलं, आई, नाही, बाबा. सात गोल. खाली शेरा, "अक्षर सुधार". तिने पान बघितलं, वही मिटली, दप्तरात टाकली. त्यानंतर संक्रांत आली तरी पोरीने फळ्यावरचं सोडून एक अक्षर लिहिलं नाही. मला ते कळलं कधी, तर रात्री भांडी घासताना. अरे, पोरीच्या घरी शेळीचं पिल्लू मेलं, आणि मी तिला विचारलं पण नाही की कुठलं मेलं.

तेव्हापासून लाल पेन बंद. आता मी पोरांच्या लिखाणाखाली पेन्सिलीने एक ओळ उत्तर लिहिते. त्या पोरीला लिहिलं होतं, "राहिलेलं पिल्लू काळं का पांढरं?" दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी खाली उत्तर, "काळ. डोक्यात पांढर. मारत".

आता अडचण. वह्या बघायला साहेब आले (कोण कुठले ते सोडा) आणि म्हणाले, मॅडम, वह्या तपासलेल्या दिसत नाहीत. चुका तशाच आहेत. दोन पालकही म्हणाले. आणि खरं सांगू, मलाही धाकधूक आहे, हे "पील" आणि "मेल" पक्कं होऊन बसलं तर? तुम्ही काय करता?

सिडकोकर_बाबा

मॅडम, तुमचं वाचून बरं वाटलं पण माझा प्रश्न साहेबांसारखाच आहे, राग मानू नका. माझा मुलगा दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. एकदा चुकीचं बसलं की निघत नाही असं आम्हाला आमचे मास्तर सांगायचे. मी स्वतः अजून "विद्यार्थी" लिहिताना थांबतो.

बाकी आमच्याकडे उलटाच प्रकार, चुका शून्य. "माय मदर इज व्हेरी काइंड" पासून दहा वाक्यं सुवाच्य अक्षरात, आणि वर्गातल्या चाळीसच्या चाळीस मुलांच्या आया सेम टू सेम काइंड. परवा बायको म्हणाली, अरे मी काल तुला धपाटा घातला ते लिही की. तर म्हणतो ते मिसने लिहून दिलेलं नाही.

मिरचीभाकर

आया सेम टू सेम काइंड 😂😂 वाखूसा (वाचनखूण साठवली).

पंचवटी_गुरुजी

छत्तीस वर्षं प्राथमिकला काढली, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. स्पष्ट बोलतो. आजकाल "अभिव्यक्ती" हा शब्द फार झाला आहे. लिहिणं हे आधी हाताचं काम आहे. सहा वर्षांच्या पोराच्या बोटात ताकद नसते, पेन्सिल मुठीत धरतं, मान वहीत घालतं, तीन ओळींत हात दुखून येतो आणि मग आपण म्हणतो त्याला लिहायची आवड नाही. आवड कशी राहील? आमच्याकडे आधी पाटी. त्याआधी ताटात राख किंवा वाळू, त्यात बोटाने गिरवायचं. मग पाटीवर ओल्या चिंधीने. मग खडू जमिनीवर, मोठमोठं. मग दुरेघी वही. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीत धरायची, खालून मधल्या बोटाचा टेकू. डावखुरं असेल तर वही उजवीकडे कलती ठेवून द्या, त्याला झोडू नका (आमच्या आधीच्या पिढीने झोडलं, ते चूकच).

आणि रोज दहा ओळी शुद्धलेखन. त्याला पर्याय नाही.

रेघोटी

गुरुजी, हाताबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्या दहा ओळींना आपण शुद्धलेखन म्हणतो हीच गंमत आहे हो! ते शुद्ध पण नाही आणि लेखन पण नाही, ते उतरवणं आहे. पुस्तकातलं बघून वहीत. डोळा आणि हात चालतो, डोकं बाहेर खेळायला गेलेलं असतं. माझा भाऊ लहानपणी हे शुद्धलेखन उभं करायचा, म्हणजे आधी सगळ्या ओळींचा पहिला शब्द, मग सगळ्या ओळींचा दुसरा. पानभर सुंदर अक्षर आणि काय लिहिलं ते विचाराल तर शून्य.

पेठरोड मॅडम, "पक्कं होईल का" याबद्दल थोडं लांबलचक लिहिते, डीएडच्या मुलांना शिकवते म्हणून खाज आहे.

पोरं चुकतात ती वाटेल तशी चुकत नाहीत. कान लावून लिहितात. "आंबा" चं "आबा" करतात कारण अनुस्वार वेगळा आवाज म्हणून ऐकू येत नाही, तो आ च्या पोटातच गेलेला असतो. "रस्ता" चं "रसता", कारण स अर्धा आहे हे कळायला वाचनाचा सराव लागतो. "सूर्य" चं "सुरय", बरोबरच आहे की, र आधी ऐकू आला, पण आपण तो रफार करून य च्या डोक्यावर नेऊन ठेवतो. ऱ्हस्व वेलांटीचं तर विचारूच नका, आवाज येतो नंतर आणि काढायची आधी! "दिवस" चं "दविस" करणारं पोर मठ्ठ नसतं, ते ऐकलेल्या क्रमाने लिहितंय. हे पोर पुढे वाचायला लागलं, तोच शब्द पन्नास वेळा छापलेला बघितला, की यातल्या बऱ्याचशा चुका आपसूक गळतात. ज्या गळत नाहीत त्या शिकवायच्या. पण लिहायचंच बंद केलं तर गळणार कशातून?

इंग्रजीतही हेच दिसतं, अमेरिकेत चार्ल्स रीड नावाच्या भाषाअभ्यासकाने १९७१ मध्ये शाळेत जायच्या आधीच्या मुलांची मनाने केलेली स्पेलिंगं तपासली होती, त्यात असाच पद्धतशीर हिशोब सापडला होता.

आणि शुद्ध म्हणजे तरी काय? साहित्य महामंडळाचे नियम शासनाने मान्य केले १९६२ ला, चार आणखी आले १९७२ ला, मिळून अठरा. त्याआधी शिकलेल्या माझ्या आजीची पत्रं माझ्याकडे आहेत, त्यात "कांहीं" आणि "नाहीं" असं डोक्यावर टिंब देऊन लिहिलंय, "घरांत" वर पण टिंब. तेव्हा ते बरोबर होतं. आज आजी दुसरीच्या वर्गात बसली असती तर मॅडमनी तिलाही गोल केले असते 😄

पेठरोड_मॅडम

रेघोटीताई, आजीला नसते हो केले, आता सुधारलेय! पण "दविस" माझ्या वर्गात तीन जणांचं आहे, आणि मी इतकी वर्षं त्यांना नीट बघ, नीट बघ म्हणत होते. बघायचा प्रश्नच नव्हता, ते ऐकत होते.

सटाण्याचा_मास्तर

राम राम. मॅडम, तुमच्याकडे कोकणा तशी आमच्या बागलाणात अहिराणी. नवीन लागलो तेव्हा एका पोराने लिहिलं, "मनी माय वावरमा गयी". मी त्याला "माझी आई शेतात गेली" असं लिहायला लावलं. लिहिलं त्याने. पण पुढचं वाक्य आलंच नाही! कारण पुढचं सगळं अहिराणीत होतं आणि ते अडून बसलं. आता मी पहिल्यांदा घरच्या बोलीत जसं येतंय तसं येऊ देतो, माझी स्वतःची भाषा तीच असल्याने मला सोपं जातं. नंतर दोघं मिळून त्याचं पुस्तकातलं मराठी करतो, पोरं हसतात, म्हणतात गुरुजी "वावर" मराठीत पण चालतं की. चालतंच की.

तुमची अडचण जास्त आहे कारण तुम्हाला कोकणा येत नाही. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई गावातल्याच असतील ना? त्यांना विचारत जा. आमच्याकडे एका मॅडमनी तसंच केलं, ताई खिचडी ढवळता ढवळता दुभाषी झाल्या.

इंदिरानगर_टीचर

सगळं छान आहे पण सतरा पोरांत. माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस आहेत, खासगी शाळा. अठ्ठेचाळीस पोरांना पेन्सिलीने उत्तरं लिहीत बसले तर माझ्या घरच्या पोराला कोण बघणार. शिवाय आठवड्याला सिलॅबसचं टार्गेट, वह्या पूर्ण पाहिजेत, पालक ग्रुपवर फोटो टाकतात की अमक्याच्या वहीत टिक आहे आमच्या वहीत नाही.

तरी एक सांगते. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी सहज म्हटलं काल काय केलं ते लिहा, पुस्तक बंद. एरवी "सण" म्हटलं की "भारत हा सणांचा देश आहे" हे वाक्य येतंच येतं. त्या दिवशी जुन्या नाशकात राहणाऱ्या एकाने लिहिलं, "मी रहाडीत धप्पा मारला. पप्पानी कॉलर धरली होती. नाकात रंग गेला. मम्मी बोलली आता चार दिवस रंगाचा शेंबूड". मी वर्गात वाचून दाखवलं, पाच मिनिटं वर्ग खिदळत होता आणि मग ज्यांनी "भारत हा सणांचा देश आहे" लिहिलं होतं त्यांनी आपण होऊन ते खोडलं. मी खोडा म्हटलं नव्हतं.

(नाशिकबाहेरच्यांसाठी: रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचे रंगाचे मोठे हौद, वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, त्यात उडी घेणं म्हणजे धप्पा.)

मिरचीभाकर

रंगाचा शेंबूड, आई गं. हा पोरगा लेखक होणार.

पेठरोड_मॅडम

इंदिरानगर मॅडम, सगळ्यांना रोज उत्तर नाहीच देता येत, मलाही दोन वर्गांमुळे जमत नाही. मी रोज चारच वह्या घेते. आठवड्यात प्रत्येकाचा एकदा नंबर. तुम्ही रोज पाच घेतल्या तर दोन आठवड्यांत सगळी पोरं होतील, तेवढं पुष्कळ. बाकीचे दिवस एकमेकांना वाचून दाखवतात. एक मोडकी खुर्ची आहे, तिच्यावर बसून वाचायचं, ऐकणाऱ्यांनी एक प्रश्न विचारायचाच. पोरांचे प्रश्न माझ्यापेक्षा भारी असतात. एकीने लिहिलं "मामा आला", तर शेजारची म्हणते, कशावर आला? मग हिने जाऊन लिहिलं "पिकप वर उभा राहून आला". मी हे शिकवायला गेले असते तर "तपशील भरा" असं काहीतरी बोलले असते आणि कुणाला काही कळलं नसतं.

सिडकोकर_बाबा

ते ठीक आहे मॅडम पण माझ्या प्रश्नाचं राहिलंच. चुका मग दुरुस्त करायच्याच नाहीत का?

पेठरोड_मॅडम

करायच्या ना! इथे लिहून घेताना माझं मलाच जरा स्पष्ट झालं, तर सांगते.

पहिल्यांदा लिहितात ते त्यांचं, त्याला मी हात लावत नाही. पण आठवड्यातून एक लिखाण पोर स्वतः निवडतं, ते भिंतीवर लागतं. भिंतीवर लागणार म्हणजे गावातले लोक, दुसरे सर, पाहुणे वाचणार. मग ते नीट हवं हे त्यांनाच पटतं. तेव्हा मी शेजारी बसते, दोनच गोष्टी दाखवते, जास्त नाही. कधी वाक्य संपल्यावर टिंब (पूर्णविराम), कधी अनुस्वार. मग ते पोर चांगल्या कागदावर परत लिहितं, गुरुजी म्हणतात तशा वळणदार अक्षरात, आणि तिथे मी अक्षराचा हट्ट धरते. हेच पोर वहीत गिचमिड करतं आणि भिंतीसाठी जीभ बाहेर काढून लिहितं.

आणि आठवडाभर वह्यांत जी चूक सगळ्यांची दिसते ती फळ्यावर, कुणाचं नाव न घेता. ऱ्हस्व-दीर्घ मी पहिलीत काढतच नाही, दुसरीत एकच सांगते, शेवटचा दीर्घ. पाणी, गाडी, लाडू, चाकू. "आणि" तेवढं सोडून. एवढ्यावर निम्मी लढाई जिंकतो.

साहेबांना पुढच्या वेळी मी वही न दाखवता भिंत दाखवणार आहे.

रेघोटी

मॅडम, अजून एक करून बघा. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर म्हणून शिक्षिका होत्या, माओरी मुलांना शिकवायच्या. त्या प्रत्येक मुलाला विचारायच्या, तुला आज कुठला शब्द हवा? तो जाड पुठ्ठ्यावर लिहून मुलाच्या हातात द्यायच्या. पुस्तकातले शब्द पोरं विसरायची, पण आपण मागितलेला शब्द विसरायची नाहीत. भीतीचे आणि मायेचे शब्द सगळ्यात पक्के बसायचे.

पेठरोड_मॅडम

अहो रेघोटीताई!! काल रात्री वाचलं आणि आज करून बघितलं. पहिलीतल्या सात जणांना विचारलं कुठला शब्द हवा. सातापैकी चौघांना "बिबट्या" 😅 मागच्या महिन्यात गावातल्या दोन शेळ्या नेल्यात त्याने. आता आमची अक्षरओळख ग म भ न वरून पुढे सरकलेली, जोडाक्षर कुठल्या कुठे, आणि ही पोरं मागतायत ट्या! म्हटलं चला. पुठ्ठ्यावर लिहून दिला. दुपारच्या सुट्टीनंतर चौघांना पुठ्ठ्याशिवाय येत होता. एकाने "बबटया" लिहिला, पण ओळखू येतो ना, बिबट्याला पण ओळखू येईल.

बाकीचे शब्द: आई, टेम्पो, आणि एकीला "डिपिंग". मला वाटलं काहीतरी चुकीचं ऐकलं. तर तिची आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाते हंगामात, ही पण सोबत असते, म्हणून शाळेत गैरहजर. मी विचारलं डिपिंग म्हणजे काय गं. उठून उभी राहिली, एक हात वर घडासारखा लोंबता, दुसऱ्या हातात डबा, आणि दाखवलं, घड असा औषधात बुडवायचा, असा हलवायचा, असा सोडायचा, गळलं की पुढचा. हे पोर मागच्या चाचणीत "माझा आवडता प्राणी" वर एक शब्द लिहू शकलं नव्हतं. प्रश्नच चुकला होता. आता तिचं डिपिंगचं पुस्तक चाललंय, चित्र तिचं, खाली ती सांगते ते मी लिहिते, ती वाचते. पुढच्या पानापासून म्हणते मी लिहीन.

नाशिकरोड_प्रेसवाला

वडील प्रेसमध्ये होते, नोटांच्या नाही, शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणून पोस्टाचं नाव आलं की जीव गोळा होतो. मॅडम, पोरांना पत्रं लिहायला लावा. खरी, पोस्टातून जाणारी. टपालाची तिकिटं १९२५ पासून आपल्या नाशिकरोडला छापली जातात, आणि आपल्याच पोरांनी आयुष्यात एकदाही तिकीट चिकटवलेलं नसतं. भाचीला मी पोस्टकार्ड दिलं आणि म्हटलं आजीला लिही. तिने लिहिलं, "आजी तू कशी आहेस मी पण". संपलं! पण आजीने ते देव्हाऱ्यात ठेवलंय.

सटाण्याचा_मास्तर

"मी पण" 😂 याच्यापुढे काय लिहिणार.

इंदिरानगर_टीचर

आपलं गाव कुसुमाग्रजांचं म्हणून आपण २७ फेब्रुवारीला शाळाशाळांत मराठी दिन करतो आणि त्या दिवशी पोरं काय करतात, तर आईने लिहून दिलेलं भाषण पाठ म्हणतात. मी पण तेच करून घेते, सगळ्यात आधी स्वतःला बोलतेय. यंदा म्हटलं पोरांनी स्वतः लिहिलेलं वाचायचं, भले तीन ओळी. वरून काय येतं बघू. आणि ज्यांची मुलं गावात आहेत त्यांनी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) एकदा तरी न्या हो, १८४० पासूनचं वाचनालय आहे, वाचल्याशिवाय लिहिणार कुठून.

पंचवटी_गुरुजी

सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

मॅडम, भिंतीसाठी परत लिहायचं हे पटलं. तिथे वळण येतं, तर माझी तक्रार नाही. एक आठवण सांगतो, सांगू नये अशी आहे. शाळा सोडून कितीतरी वर्षं झालेला एक विद्यार्थी रामकुंडावर भेटला, फुलांचं दुकान आहे त्याचं. म्हणाला गुरुजी, तुम्ही माझी वही वर्गात वर धरून दाखवली होती, घाणेरडं अक्षर कसं असतं ते. मला आठवतच नव्हतं. त्याला पान पण आठवत होतं. हिशोब बायको लिहिते म्हणाला. हसून म्हणाला, पण म्हणाला.

माझ्याकडे बोरू आहेत अठरा-वीस, स्वतः तासलेले, शाई पण आहे. दुसरीच्या पोरांना भिंतीवरचे मथळे लिहायला चालतील. हात भरतील, तेवढं बघून घ्या.

पेठरोड_मॅडम

गुरुजी 🙏 बोरू पाहिजेतच. हात भरू देत.

आता माझी एक मागणी, लाज सोडून. कागद पुरत नाही. मध्यंतरी पुस्तकांतच वहीची कोरी पानं यायची, २०२३ पासून, तेव्हा पोरं त्यांच्यावर काहीबाही लिहायची चित्रं काढायची, आता ती पण बंद झाली. वही संपली की घरून नवी यायला वेळ लागतो, मग पोरं हात राखून लिहितात, बारीक बारीक. कुणाकडे एका बाजूने कोरे कागद असतील तर रद्दीत देऊ नका.

सातपूर_ऑफसेट

मॅडम किती पाहिजेत? छपाईतले कटिंगचे तुकडे रोज निघतात, पोस्टकार्डाएवढे, वहीच्या अर्ध्या पानाएवढे, कोरेकरकरीत. जाड पुठ्ठा पण आहे, ते बिबट्यावाल्या शब्दांना चालेल. दोन गोणी बाजूला काढून ठेवतो. स्कूटीवर नेता येतील का पण?

पेठरोड_मॅडम

एक पुढे पायाशी आणि एक मागे बांधून. नेलंय मी याच्यापेक्षा जास्त, पोषण आहाराचा तांदूळ विचारा.

सातपूर_ऑफसेट

नको नको, घाट आहे. शनिवारी सकाळी आमचा टेम्पो पेठला माल टाकायला जातो, सातला पेठ नाक्यावर उभे राहा, ड्रायव्हर शाळेतच उतरवेल.

पंचवटी_गुरुजी

पेठ नाका माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. मी पण येतो, बोरू देतो. ड्रायव्हरच्या शेजारी जागा असेल का एक?

सातपूर_ऑफसेट

असेल गुरुजी. टेम्पोला एसी नाही पण.